शेझी नव्हे, शेजी

"हे काढून टाक," असं म्हणून बेहेरे मॅडमनी माझं चौथं प्रकरण टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

मला वाटलं, एखादा परिच्छेद खटकला असेल. मी विचारलं, कुठलं पान?

"पान नाही. प्रकरण."

समासात कुठे लाल रेघ नाही, प्रश्नचिन्ह नाही, काही नाही. त्यांनी काही खरडलं असतं तर भांडता तरी आलं असतं. कोऱ्या समासाशी काय कपाळ भांडणार? मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. बाहेर एम.ए.च्या मुली क्रियापदं घोकत होत्या आणि ती ऐकून माझं डोकं आणखीच तडकत होतं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी पुण्यात फ्रेंचमध्ये पीएचडी करत होते. विषय असा, की फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या पण फ्रान्सच्या नसलेल्या बायका. अल्जीरियातल्या, सेनेगलमधल्या, मॉरिशसमधल्या. साहेबाची भाषा साहेबाकडूनच शिकायची आणि तिच्यातच त्याला चार गोष्टी सुनवायच्या, असं त्यांचं काम. मला ते फार आवडायचं. दापोलीला आमच्या घरी मात्र कुणालाच त्यातलं काही कळत नसे. बाबा अभिमानाने सांगत फिरायचे की सुनेत्रा फ्रेंचमध्ये डॉक्टर होतेय, आणि मी सुट्टीत घरी गेले की कोणीतरी हमखास गुडघा दाखवायला यायचं.

बेहेरे मॅडम माझ्या मार्गदर्शक. कुमुदिनी बेहेरे हे नाव तेव्हा आमच्या क्षेत्रात वजनदार होतं, आणि उगाच नव्हतं. फ्रेंच विभागात शंभर वर्षांपूर्वी मेलेले पुरुष सोडून दुसरं काही शिकवत नसत, त्या काळात एकटीने भांडून त्यांनी बायकांचं साहित्य अभ्यासक्रमात घुसवलं होतं. त्यांच्यापायी मी या विषयाकडे वळले. त्यांनीच मला सुभद्रा राघोजी वाचायला दिली आणि तिथूनच आमचं बिनसलं.

सुभद्रा राघोजी या मॉरिशसच्या कादंबरीकार. पणजोबा रत्नागिरीकडून ऊसतोडीला म्हणून बोटीत बसले ते परत आले नाहीत. आमच्या विभागात सगळे त्यांना 'मादाम रागोझी' म्हणत. मला ते ऐकून हसू यायचं. आमच्या गावात राघोजीची तीन घरं होती. त्यांची पहिली कादंबरी पॅरिसमध्ये गाजली होती. साखर कारखान्याच्या चाळीत राहणारी एक लहान मुलगी, आई अंथरुणाला खिळलेली. आणि कादंबरीभर, जीव घाबरा झाला की ती मुलगी पत्र्याच्या भिंतीवर थाप मारून एकच हाक घालते, "शेझी, उघड." ही शेझी कोण ते पुस्तकात कुठेच येत नाही. ती दिसत नाही, बोलत नाही. हाक झाली की पुढच्या ओळीत दार उघडलेलं असतं, एवढंच.

आता फ्रेंचमध्ये माणसाचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं. पण या बाईंनी अख्ख्या पुस्तकात एकही नाव मोठ्या अक्षराने लिहिलेलं नाही. मालकांची अक्षरं नकोत म्हणून, असं त्यांनी कुठेतरी सांगितलं होतं. त्यामुळे शेझी हे नाव की नुसता शब्द, हे कळायला मार्ग नव्हता. आणि फ्रेंच कोशात तर तो शब्दच नाही. मग काय, विद्वानांना कुरणच मिळालं. 'शे' म्हणजे कुणाच्या तरी घरी. 'झ' म्हणजे मी. शेझी म्हणजे 'मीच्या घरी'. ती मुलगी दुसऱ्या कुणाला हाक मारतच नाही, ती स्वतःच स्वतःच्या दारावर थाप मारतेय. शेवटच्या 'ई'चं काय करायचं हा घोळ उरत होता, तर एका गृहस्थाने त्यावरही लेख पाडला, की 'ई' म्हणजे 'इसी', म्हणजे 'इथे'. या सगळ्यावर कळस बेहेरे मॅडमचा. 'मीच्या घरी' या नावाचं त्यांचं पुस्तक पॅरिसमध्ये छापलं गेलं होतं आणि त्यावर त्यांची प्राध्यापकी उभी होती.

मी ती कादंबरी पहिल्यांदा ग्रंथालयात वाचली आणि पहिल्याच हाकेला मोठ्याने हसले. शिपायाने वळून पाहिलं. अहो, शेजी! शेजारीण! आता बोलताना शेजारीणच म्हणतात, पण जात्यावरच्या ओव्यांत शेजी, म्हणींत शेजी. वाटीभर साखर मागायला पाठवलं आणि हात हलवत परत आले की आई अजून म्हणते, "शेजी देईल काय आणि मन धाईल काय." ती पोर घाबरली की शेजारणीला हाक मारते, शेजी, दार उघड. याच्यात कसलं घर आणि कसला मी? शंभर-सव्वाशे वर्षं समुद्रापार राहून एक शब्द जिवंत राहिला, फ्रेंच कपडे घालून पॅरिसपर्यंत गेला, आणि त्याला ओळखणारं तिथे कुणी भेटलं नाही.

पहिली तीन प्रकरणं म्हणजे खरं तर चार जणांच्या ताटातलं उचलून माझ्या ताटात वाढलेलं होतं. चौथं तेवढं माझं. दोन वर्षं मी ओव्या धुंडाळल्या, कोश उपसले, दापोली ते राजापूर म्हाताऱ्या बायकांच्या पडव्या झिजवल्या. ती पोर एकटीने स्वतःचं दार ठोठावते असं नाही, ती पलीकडच्या बाईला हाक मारते, असं त्या कादंबरीचं सगळं वाचनच त्या एका शब्दाने बदलत होतं. आणि आता मार्चअखेर प्रबंध द्यायचा, मुदतवाढ संपलेली, आणि मॅडम म्हणतात काढून टाक.

मी कारण विचारलं. त्या चिडल्या नाहीत. त्या चिडत नसत, हीच तर पंचाईत होती.

त्या म्हणाल्या, आपल्याकडची खोडच आहे ही. कुणी बाहेर नाव काढलं की आपण त्याचं मूळ गाव शोधायला धावतो. ही बाई फ्रेंचमध्ये लिहिते, क्रिओल या तिथल्या मिश्र बोलीत बोलते, मॉरिशसची आहे. तू तिला धरून आणून जात्यावर बसवतेयस. इंग्रजाने तिच्या पणजोबाला बोटीत घातलं, आणि तू तिला त्याच बोटीतून परत आणतेस. हाही वसाहतवादच, फक्त प्रेमळ.

"पण मॅडम, शब्द मराठी आहे."

"तुला मराठी ऐकू येतं, कारण तुला मराठी येतं."

"आणि तुम्हाला?" मी म्हणून गेले. "तुम्हाला पण येतं की."

सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईंच्या कानावर जात्यावरची ओवी कधी पडली नसेल, हे मला मागाहून सुचलं. पण सुचलं असतं तरी बोलायचं थोडंच होतं? त्यांनी चष्मा पुसला आणि एक तोडगा काढला. जानेवारीत विभागाच्या चर्चासत्राला खुद्द मादाम रागोझी येणार होत्या. भर सभेत मी त्यांना विचारावं. त्या जर म्हणाल्या की शब्द मराठी आहे, तर प्रकरण राहील. नाही म्हणाल्या तर जाईल, आणि मग या विषयावर पुन्हा चर्चा नाही.

मी आनंदाने कबूल झाले. लिहिणारीला माहीत नसेल तर कुणाला असणार? मला वाटलं, जिंकलेच.

मादाम उतरल्या त्या दिवशी मी विमानतळावर फुलं घेऊन उभी होते. साठीच्या, सडसडीत, आखूड पांढरे केस, पायात पुरुषी बूट. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "नमस्कार, प्रवास कसा झाला?" त्यांनी फ्रेंचमध्ये शांतपणे सांगितलं की आपल्याला मराठी येत नाही. शाळेत एक तास असायचा, त्यात आपण चित्रं काढायचो.

पुढचे दोन दिवस मी त्यांची सावली होते, आणि त्या दोन दिवसांत पुणेकरांनी त्यांची जी दशा केली ती पाहून मलाच लाज वाटायला लागली. जो तो "वेलकम होम" म्हणे. एका मंडळाने त्यांची खणा-नारळाने ओटी भरली आणि नऊवारी अंगावर टाकून फोटो काढले. एका वार्ताहराने विचारलं, मायभूमीत येऊन कसं वाटतं? त्या म्हणाल्या, माझी मायभूमी मी काल सकाळी सोडून आले. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'मायभूमीच्या दर्शनाने गहिवरल्या'. मंडळात कुणीतरी हट्टच धरला, मराठीत दोन शब्द बोला. त्यांनी माइकपाशी जाऊन "गणपती बाप्पा मोरया" म्हटलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. परत येताना रिक्षात त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, पॅरिसला मला हिंदुस्तानी बाई म्हणून बोलावतात आणि हिंदुस्तानात हरवलेली पोर म्हणून. कादंबरीकार म्हणून मला बोलावणारं गाव अजून सापडायचं आहे.

हे ऐकून मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण मी माझ्या प्रश्नाच्या नादात. रात्रंदिवस तो फ्रेंचमध्ये घोळवत होते, कुठे व्याकरण चुकू नये म्हणून.

सभागृह गच्च भरलेलं. मॅडमनी पाऊण तास 'मीच्या घरी' सांगितलं, मादाम हाताची घडी घालून ऐकत होत्या. मग मॅडम म्हणाल्या, माझ्या एका विद्यार्थिनीला काही विचारायचं आहे. मी उभी राहिले. प्रश्न नीट विचारला. म्हटलं, हा शब्द फ्रेंच नसून तुमच्या घरात टिकून राहिलेला मराठी शब्द आहे का? शब्दाचा अर्थ मी मुद्दामच सांगितला नाही. मला तो त्यांच्या तोंडून ऐकायचा होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर थंडगार झाली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "हिंदुस्तानशी त्याचा काहीही संबंध नाही. इतकी मॉरिशसची दुसरी कुठलीच गोष्ट त्या पुस्तकात नाही."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी हसलं. बेहेरे मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, लगेच पुढचा प्रश्न घेतला. मी खाली बसले तेव्हा कान इतके तापले होते की पुढचं काही ऐकू आलं नाही. दोन वर्षं पाण्यात गेली होती. आणि ती घालवली कुणी, तर जिच्यासाठी मी भांडत होते तिनेच. आयुष्यात इतकी जळफळले नव्हते मी.

जेवणानंतर त्यांना अतिथीगृहावर सोडायचं कामही माझ्याकडेच. व्हरांड्यात चहा आला, पोटभर साखर घातलेला. मी निघते म्हणाले तर त्यांनी समोरच्या वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"तू रागावलीस."

मी म्हटलं, नाही. आणि मग जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते सगळं बोलले. माझं प्रकरण गेलं. तुम्हाला आमची इतकी शिसारी आली आहे की खरं ते कबूल करायला तुम्ही तयार नाही. ओटी भरणाऱ्यांचा राग तुम्ही माझ्यावर काढलात. 'मीच्या घरी' हे खोटं आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, तरी तुम्ही हाताची घडी घालून ऐकून घेतलंत. रागाच्या भरात माझं फ्रेंच पार लंगडं झालं होतं.

त्यांनी मध्ये अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "खोटं आहेच ते. पण तुझंही बरोबर नाही. तो शब्दच नाही. ते नाव आहे."

मी पर्स खाली ठेवली.

मग त्या सांगायला लागल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला. चाळीत त्यांच्या खोलीला लागून एक क्रिओल बाई राहायची. काळी, दांडगी, ख्रिस्ती. तिचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. ती मालकाच्या बंगल्यातले कपडे धुवायची. सुभद्राच्या आईला दम्याने उठवत नसे, तेव्हा ही पोर भिंतीवर थाप मारी आणि ती बाई हातातलं काम टाकून येई. तिनेच हिला न्हाऊमाखू घातलं, तिनेच वाढवलं. आणि ती गोष्टी सांगायची. कपडे बडवता बडवता, त्या चादरींवरच्या डागांवरून, की बंगल्यात काल काय झालं असेल. रोज नवी. लिहिता तिला येत नव्हतं. "माझं पहिलं पुस्तक माझं नाहीच," त्या म्हणाल्या. "तिच्या तोंडचं आहे, मी फक्त कागदावर उतरवलं. तिचं नाव शेझी."

मी विचारलं, मग हे सभेत का नाही सांगितलं?

"सुरुवातीला सांगायला हवं होतं. पण तेव्हा मला कुणी छापत नव्हतं. पहिलं परीक्षण आलं, ते लिहिणाऱ्या बाईला नावात घर सापडलं होतं. म्हटलं, सापडलंय तर राहा. पुढे पुढे बरंच वाटायला लागलं. नाहीतर ते लोक मला तिच्याबद्दल विचारत बसले असते आणि मला तिला सभागृहात आणायचं नव्हतं." त्या थोडं थांबल्या. "आणि आज तू उभी राहिलीस आणि तिलाही हिंदुस्तानी करायला निघालीस. तिला एकटीला तरी सोडा की."

माझी बाजू साफ पडली होती. एखाद्या क्रिओल बाईचं नाव शेझी असू शकतं. माझी ओवी, माझे कोश, माझ्या म्हाताऱ्या, सगळंच मुसळ केरात. मी पर्स उचलली.

माझा चेहरा उतरलेला पाहून असेल, त्या हसून म्हणाल्या, एक गंमत सांगते, तुझ्या प्रकरणात नाही चालायची, पण ऐक. ती माझ्या आईला पण शेझीच म्हणायची. भिंतीच्या इकडून आई ओरडायची शेझी, तिकडून ती ओरडायची शेझी. दोघींचं एकच नाव. मला वाटायचं, साखर-मीठ घेतात-देतात तसं या दोघींनी नावही वाटून घेतलंय.

मी उभी होते ती तशीच राहिले. आनंद व्हायला हवा होता. दोन वर्षं ज्या पुराव्यासाठी जीव टाकला तो आयता समोर आला होता. पण मला काही आनंद झाला नाही. आता इथून निघावं एवढंच वाटलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, उशीर झालाय.

"तुझं तोंड बघ. काय झालं? तुझा तो शब्द काय होता? सभेत तू अर्थ सांगितलाच नाहीस."

टाळून पाहिलं. पण त्या सोडायला तयार नव्हत्या, आणि थापा मारायची मला कधीच सवय नाही. मी सांगितलं. शेजी म्हणजे शेजारीण. भिंतीपलीकडे राहणारी बाई. तुमच्या आईची ती शेजी, आणि तिची तुमची आई शेजी. म्हणून दोघी एकमेकींना तेच म्हणत होत्या. तुमच्या आईकडून ती हा शब्द शिकली असणार.

त्यांना कळायला वेळ लागला. ओठ हलत होते, बहुतेक दोन्हीकडच्या हाका मनातल्या मनात मारून बघत असाव्यात.

"म्हणजे नाव नाही."

"नाही."

"मग तिचं नाव काय होतं?"

हे त्यांनी मला विचारलं. दापोलीच्या मला. जसं काही मला शब्दाचा अर्थ माहीत आहे म्हणजे उरलेलंही माहीत असणार. चहावर साय धरली होती. मग त्यांनी सांगितलं की पहिल्या बक्षिसातून आपण तिच्या थडग्यावर दगड बसवला आहे. गावच्या दफनभूमीत तसा दगड दुसऱ्या कुणा धोबिणीचा नाही. त्यावर मोठ्या अक्षरात एकच ओळ कोरून घेतली आहे, शेझी. माणसं पॅरिसहून येऊन तिथे फुलं ठेवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघायच्या होत्या. मी पोचले तर त्या आधीच तयार होऊन फाटकात उभ्या, रात्रभर झोपल्या नव्हत्या हे दिसत होतं. त्यांना मॉरिशसला फोन करायचा होता. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये मी त्यांना घेऊन गेले. काचेचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून बाहेर उभी राहूनही मला ऐकू येत होतं. फोनवर त्यांची थोरली बहीण होती. क्रिओल मला निम्मंशिम्मं कळायचं, पण ते संभाषण कळायला फार भाषा लागत नव्हती. या विचारत होत्या, शेझीचं नाव काय होतं? पलीकडून काहीतरी आलं. या म्हणाल्या, ते नाही, खरं नाव. पुन्हा काहीतरी आलं. मग पलीकडचं ऐकून यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, बहीण आधी हसली. म्हणाली, शेझीचं नाव शेझी, सकाळी सकाळी काय हे. मग म्हणाली, मारी काहीतरी असेल, त्या सगळ्या मारीच असतात.

"त्या सगळ्या," त्यांनी पुन्हा म्हटलं. "मी पण असंच म्हटलं असतं, पुस्तक लिहिलं नसतं तर."

अतिथीगृहाशी बेहेरे मॅडम गाडी घेऊन आल्या होत्या, हातात शाल आणि पुष्पगुच्छ. मादामनी पुष्पगुच्छ घेतला आणि तिथे पायरीवरच सांगून टाकलं, की काल सभेत मी चुकीचं उत्तर दिलं. शब्द मराठीच आहे, ही मुलगी म्हणते तोच. हिचं प्रकरण राहू द्या.

मॅडमनी हातातली शाल पुन्हा घडी घालून काखेत धरली. नंतर वीसएक वर्षं मी त्यांना पाहत आले, पण इतकं म्हातारं त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही. मग त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "ठेव प्रकरण. माझ्या पुस्तकाचा उल्लेख करशील तो सभ्यपणे कर." एवढंच. शब्दाच्या पक्क्या बाई, ठरलं होतं ते पाळलं.

म्हणजे मी जिंकले होते. मार्चअखेर प्रबंध जाणार होता, चौथ्या प्रकरणासकट, आणि त्यावर पुढे माझी नोकरी लागली, नाव झालं, दोनदा पॅरिसची वारीही झाली. त्या पायरीवर मात्र मला रडायला येत होतं, आणि कुणावर चिडावं तेच कळत नव्हतं. मॅडमवर चिडायची सोय राहिली नव्हती, मादामवर चिडायची तर नव्हतीच.

ड्रायव्हरने सामान चढवलं. मॅडम पुढे बसल्या. मादाम दारापाशी थांबल्या आणि मला हाताने जरा बाजूला घेऊन गेल्या, मॅडमना ऐकू जाणार नाही इतकं दूर.

"तू खूप शोधलंयस ना," त्या म्हणाल्या. "कोश, गाणी, म्हाताऱ्या बायका. मला एकच सांग. तुमच्याकडे एखाद्या गावात, एखाद्या बाईचं ते नाव असू शकतं का? लाडाने ठेवलेलं, कसंही."

त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. दोन वर्षं मी कुणी विचारलं नाही तरी 'नाव नाही, साधा शब्द आहे' म्हणून ओरडत होते, आणि आता ते 'नाही' जिभेवरून उतरेना. एखादं गाव आठवावं म्हणून मी खरोखर जीव तोडून आठवलं. पडवीत बसलेली प्रत्येक म्हातारी आठवली, त्यांच्या सुना आठवल्या, नाती आठवल्या. द्वारका होती, सोनाबाई होती, येसू होती.

"नाही," मी म्हटलं. "हे नाव कुणाचं नसतं."

त्यांनी मान हलवली, गाडीत बसल्या आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.